तिसऱ्या खांबाची नोंद

आगगाडी मोठ्या पुलावर आली की डब्यातली माणसे हात जोडतात आणि खिडकीतून नदीत पैसा टाकतात. मी सतरा वर्षे पुलाखाली उभा राहून ते पैसे पडताना पाहिले. वरच्याला वाटते, नदीने आपल्याला पार नेले. नदी कोणाला पार नेत नाही. दगडी खांब, त्यांवर टेकलेल्या लोखंडी तुळया, तुळयांना जोडणारे रिबिट, आणि हे सगळे जागच्या जागी आहे असे कोणीतरी वहीत लिहून ठेवलेले असते, त्या भरवशावर माणसे पार जातात. ते वहीत लिहिणारा मी होतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या चार गमती लिहून द्या म्हणून सांगितले. गमती आहेत, एकदोन सांगतो. पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती गमतीची नाही. नोकरीत असेपर्यंत मी ती लिहिली नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आमच्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. आमच्याकडच्या बहुतेकांनी ती पहिल्यांदा तळेगावच्या स्टेशनावर पाहिलेली असते, तीही गाठोडे उराशी धरून. म्हणून माझे काम काय होते ते नीट सांगतो. आगगाडी चालवते कंपनी. पूल तिचा, मिस्त्री तिचे, चौकीदार तिचे. पण त्यावरून जाणारी रयत सरकारची, म्हणून सरकारचा एक साहेब दरसाल पूल तपासतो आणि गाडी चालवायला पूल योग्य आहे अशी सही करतो. मी त्या साहेबाचा पूल-कारकून. साहेबाच्या आठ दिवस आधी मी ट्रॉलीवरून जायचे, एकेका पुलाची मापे घ्यायची, कंपनीच्या वहीशी ताडून पाहायची आणि आमच्या सरकारी पूलवहीत लिहायची. मागून साहेब येणार. तो थोडेफार डोळ्यांनी पाहतो, बाकीचे माझ्या आकड्यांतून पाहतो. माझा आकडा म्हणजे त्याचा डोळा.

कामात कसब असे फार नव्हते, सचोटी लागायची. रिबिटाच्या एका बाजूला बोट टेकवायचे आणि दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका ठोका द्यायचा. घट्ट रिबिट गप्प राहते, सैल झालेले बोटाखाली थरथरते. खांबाच्या बुडाशी पाणी वाळू खणून नेते, तिथे साखळीला शिशाचे वजन बांधून खोली मोजायची. आणि खांबाला तडा असेल तर तो वाढतो की नाही ते पाहायचे. त्यासाठी तड्यावर आडवी अशी सिमिटाची पातळ पट्टी चिकटवतात, आणि ओली असतानाच तिच्यावर खिळ्याने तारीख कोरतात. तिला आम्ही साक्षपट्टी म्हणायचो. तडा होता तेवढाच राहिला तर पट्टी अखंड राहते. तडा केसभर जरी रुंदावला तरी ती मधोमध फुटते. दगड बोलत नाही, म्हणून ही व्यवस्था.

मापे इंचांत आणि सुतांत. एका इंचाची आठ सुते.

एका पुलाच्या खांबाला साहेबाला तांबडा डाग दिसला आणि गंज म्हणून त्याने मला खडसावले. मी खाली जाऊन पाहिले तर गावकऱ्यांनी खांबाला कोंबडे दिले होते. दुसऱ्या एका पुलावर तुळयांना गंज लागू नये म्हणून लावायचा शेंदूर दरसाल कमी पडायचा. शोधता शोधता कळले, आसपासच्या पाच गावांचे मारुती त्या वर्षी नव्याने रंगले होते. मी साहेबाला सांगितले की शेंदूर सत्कारणी लागला आहे. साहेब हसला नाही. तो क्वचितच हसायचा. पण माझ्या वहीवर त्याचा जीव होता. माझ्या वहीत खाडाखोड नसे. सतरा वर्षांत मी आकडा लिहिल्यावर तो खोडला, असे एकदाही झाले नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आता वाटते, एकदोन आकडे खोडले असते तर बरे झाले असते.

ज्या पुलाबद्दल लिहितो आहे त्याचे नाव देत नाही. अकरा गाळ्यांचा, म्हणजे दहा खांबांचा पूल, घाटमाथ्यावरून येणारी नदी, आणि तिसऱ्या खांबाला एक जुना तडा. तो तडा माझ्या आधीच्या कारकुनाच्या काळापासून दोन सुतांचा होता आणि माझ्या काळातही तेवढाच होता.

त्या पुलाचा चौकीदार गोमा. आंबेगाव पेट्यातल्या तळेघरचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, उभा, सडपातळ माणूस. तळेघरात भात आणि नाचणी सोडून दुसरे पिकत नाही, म्हणून एका मुकादमाबरोबर तो रुळांच्या कामावर आला आणि पुलावर राहिला. मी निमगाव साव्याचा, म्हणजे शेजारच्या जुन्नरकडचा, हे त्याला कळले त्या दिवसापासून त्याने मला ‘रावसाहेब’ म्हणणे सोडले आणि ‘भाऊ’ म्हणायला लागला. मी त्याला गोमाच म्हणत असे, आणि एकेरीत. तो कंपनीचा चौकीदार, मी सरकारी कारकून. त्यात काही गैर आहे असे तेव्हा वाटले नाही.

ज्या वर्षी आमच्या थोरलीचे लग्न होते त्या वर्षी वैशाखात मी त्या पुलावर गेलो. नऊ खांब झाले. तिसरा राहिला, कारण त्या खांबाजवळ शिडी नव्हती. ती अकराव्या गाळ्याखाली होती. तडा वाळूपासून अठरा फुटांवर. दुपारची वेळ होती, आणि पुण्याकडे जाणारी मालगाडी तासाभरात यायची होती. तिच्या गार्डाशी माझे बोलणे झाले होते. ती चुकली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी नव्हती, आणि घरी हळद दोन दिवसांवर आलेली.

गोमा म्हणाला, “जरा दम धरा भाऊ, शिडी आनतो.”

मी म्हणालो, राहू दे. खालूनच मान वर करून पाहिले. साक्षपट्टी अखंड दिसली. उन्हात डोळे बारीक करून जेवढी दिसायची तेवढी दिसली. मागल्या वर्षीचा आकडा माझ्यासमोर होताच. त्याखाली लिहिले: दोन सूत, फरक नाही.

गोमा शेजारी उभा राहून पाहत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण मी मोजपट्टी न लावता लिहिले एवढे त्याला दिसलेच. माझी पिशवी उचलून स्टेशनापर्यंत पोचवायला आला.

लग्न चांगले झाले. पण अक्षता टाकताना माझ्या मनात तो आकडा आला, हे खोटे नाही. नोकरीत मी न मोजता लिहिलेला तो पहिला आकडा. मनाला समजावले की पुढल्या साली नीट मोजू.

पुढल्या साली वैशाखात गेलो तर तिसरा खांब पांढराशुभ्र. कंपनीत रीतच होती, साहेब यायच्या आधी पूल सजवायचा. दगडांच्या दरजा, म्हणजे सांध्यांतल्या फटी, भरायच्या, वरून चुन्याची सफेदी मारायची, पाट्या रंगवायच्या. लग्नघरासारखे करून टाकायचे. त्यात लपवायचा हेतू दरवेळी असतो असे नाही, पण लपते मात्र दरवेळी. तड्यावर साक्षपट्टी होती, तिच्यावर तीच जुनी तारीख होती. मी शिडी मागायच्या आधीच गोमा ती घेऊन आला.

मी चढलो. तोही मागून दोन पायऱ्या चढला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, ही पट्टी चार दिसामागची हाय. जुनी पट्टी आधीच चिरली व्हती, भादव्याच्या पुरात पार गळून पडली. मिस्त्रीनं नवी लावली, आन खिळ्यानं लिव्हलं तिच्यावर. काय लिव्हलं ते मला न्हाई ठावं, पन वला सिमिट मला कळतो.”

समोरच्या बाजूला तडा बुजवला होता. गोमाने मला शिडी हलवून खांबाच्या मागल्या अंगाला नेले. तिथे कोणी दरजा भरल्या नव्हत्या. तड्याच्या काठाला त्याने शेंदराची एक टिकली लावून ठेवली होती. “इथं लावा,” म्हणाला. मी पोलादी मोजपट्टी लावली. साडेतीन सूत.

मी दोनदा मोजले. साडेतीनच.

खाली उतरलो तर कंपनीचा मिस्त्री उभा होता. माझ्याच वयाचा, कामात हुशार, तोंडाचा गोड. त्याने मला बाजूला घेतले. तो रागावला नाही, आर्जवही केले नाही. हिशेबच मांडला. म्हणाला, “रावसाहेब, साडेतीन लिहा, माझी ना नाही. पण मागल्या साली तुम्ही दोन लिहिलंय. एका सालात दीड सूत वाढलं म्हटलं तर साहेब आज गाडी बंद करतील आणि उद्या विचारतील, मागल्या साली कारकुनानं काय पाहिलं. मला नोटीस मिळेल. तुम्हांला काय मिळेल ते तुम्ही ठरवा.”

मी म्हणालो की पट्टीवरची तारीख खोटी आहे. तो म्हणाला, “आहे ना. आणि वहीतला आकडा?”

मी पूलवही उघडली, हे मला लख्ख आठवते. मनात जुळवाजुळव केली की पावसाळ्यात साहेबाला वेगळे पत्र लिहीन, तोवर शेरा मारून ठेवतो. लिहिले: दोन सूत, साक्षपट्टी अखंड, पावसाळ्यात लक्ष ठेवावे. अक्षर नेहमीसारखे सुबक आले.

साहेब आठव्या दिवशी आला. ट्रॉली पुलावर थांबली. त्याने वरून वाकून पांढरा खांब पाहिला, वही पाहिली, आणि मला विचारले, दोन? मी म्हणालो, दोन. त्याने सही केली. गोमा दहा पावलांवर लाल आणि हिरवे निशाण बगलेत धरून उभा होता. साहेबाशी बोलायची त्याला मुभा नव्हती.

ते पत्र मी लिहिले नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला.

श्रावणात नदी भरून आली. तिसऱ्या दिवशी गोमाला दिसले की वरच्या अंगाला सफेदी फाटली आहे आणि तडा थेट तुळई टेकते त्या दगडापर्यंत चढला आहे. दुपारी एक मालगाडी गेली, तेव्हा त्याने दगडावर तळहात ठेवून पाहिला. भुगा गळत होता. त्यानंतर पाचच्या सुमाराला पॅसिंजर यायची होती. मिस्त्री दुसऱ्या कामावर, तारघर चार मैलांवर. गोमा लाल निशाण घेऊन रुळांत उभा राहिला आणि त्याने पॅसिंजर थांबवली.

गाडी दोन तास उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला, गार्ड ओरडला, वरच्या वर्गातला कोणी उतरून ओरडला. स्टेशनमास्तर आला. खांबाचा खालचा भाग पाण्यात, वरचा भाग पावसात. वरून बघणाऱ्याला सफेदीतली एक रेघ दिसणार. शेवटी गाडी हळूहळू पार नेली. ती सुखरूप गेली, आणि गोमावर बालंट आले. एवढी गाडी विनाकारण अडवली, तर त्याला काहीतरी कारण पाहिजे. रिपोर्टात लिहिले गेले की चौकीदार दारूच्या अमलाखाली होता. तो पीत नसे. तंबाखू सोडली तर त्याला कसलेही व्यसन नव्हते.

पंधरा दिवसांनी कंपनीच्या कचेरीत चौकशी झाली. सरकारी पूलवही घेऊन मला बोलावले होते. टेबलामागे दोन साहेब, बाजूला मिस्त्री, दाराशी गोमा. पावसात भिजलेला पटका हातात घेऊन उभा होता. मला तिसऱ्या खांबाच्या मागल्या दोन सालांच्या नोंदी वाचायला सांगितल्या. मी वाचल्या. मग एकच प्रश्न विचारला: या दोन नोंदींत काही फरक आहे का?

त्या प्रश्नाला दोन उत्तरे होती. नोंदींत फरक नव्हता, हे खरेच होते. मी ते उत्तर दिले.

गोमाला विचारले, तुझे काय म्हणणे? तो माझ्याकडे बघत होता. त्याचा एक हात कमरेला होता, धोतराच्या खोचेत काही चाचपल्यासारखा. मग त्याने हात काढून घेतला आणि म्हणाला, “भाऊनं वाचलं तसं आसंल.”

त्याला काढून टाकले. तो पायी निघून गेला.

मी लगेच साहेबाकडे गेलो, असे लिहायला मला आवडले असते. मी गेलो, पण आठ दिवसांनी, आणि तेही आडमार्गाने. तड्याचे नाव काढले नाही. म्हणालो, यंदा पूर मोठा होता, तिसऱ्या खांबाच्या बुडाची खोली पुन्हा घ्यावी असे वाटते. पाणी उतरल्यावर साखळी टाकली तर खांबाच्या प्रवाहाकडच्या कोपऱ्याखालची वाळू पाच फूट खणून गेली होती. कोपरा अधांतरी, म्हणून तडा. गाड्या चालीच्या वेगाने सोडायला लागले, आणि उन्हाळ्यात तो खांब बुडापासून नव्याने बांधला. एकही माणूस दगावला नाही. साहेबाने मला शाबासकीचे पत्र दिले. त्यात लिहिले होते की या कारकुनाच्या दक्षतेमुळे मोठा अनर्थ टळला.

आमच्या घरात त्या पत्राला काच लावून ते भिंतीवर टांगले. येणाऱ्या-जाणाऱ्याला बायको ते दाखवायची. तिला खरे सांगायला मला पाच महिने लागले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नुसता खिळा होता.

तिच्यामुळेच मी तळेघरला गेलो. मार्गशीर्षात रजा घेतली. निमगावाहून नारायणगाव, मंचर करत घोडेगावपर्यंत बैलगाडी मिळाली. घोडेगावच्या बाजारात हिरड्याचा व्यापार करणारे एक जैन शेठजी आहेत, त्यांचे डोंगरातल्या सगळ्या गावांशी देणे-घेणे. त्यांच्याकडे गोमाची चौकशी केली तर ते हसले. म्हणाले, “कोण, गाडीवाला गोमा?” मग त्यांनी सांगितले की तिकडे आता कोणी पिऊन झिंगला की लोक म्हणतात, गोम्याची गाडी आली. मुलाची ठरलेली सोयरीक त्याच पायी मोडली. शेठजी हे सहज सांगत होते. मी त्यांच्या ओसरीवर बसून पाणी पीत होतो. तांब्या खाली ठेवला आणि तळेघरची वाट विचारली.

पुढे शिनोली, डिंभे मागे टाकत पायी. एक मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तळेघरला पोचलो. गोमा खळ्यावर नाचणी झोडत होता. मला पाहून त्याने हात थांबवला नाही. तेवढी पेंढी पुरी केली, मग घामाने भिजलेली कपाळपट्टी पुसून म्हणाला, “या भाऊ. पोरगी बरी हाय का? जिच्या लग्नाला गाडी गाठायची व्हती?”

मी म्हणालो, बरी आहे.

“शिडी आनाया किती येळ लागला आस्ता वो? मी तवापासनं हिसाब करतूय. जायाला येवढा, यायाला येवढा. चिलीम वडून हुती तेवढाच येळ.”

मी तिथेच बांधावर बसलो आणि त्याला सगळे सांगितले. न मोजता लिहिले ते, मोजून खोटे लिहिले ते, साहेबाचे पत्र, सगळे. त्याची बायको घरातून भाकरी आणि ठेचा घेऊन आली, माझ्यापुढे ठेवून गेली. तिला मी कोण ते ठाऊक होते. ठाऊक असून तिने वाढले.

माझे बोलणे संपल्यावर गोमा उठून झोपडीत गेला आणि कुडाच्या वरच्या आढ्यातून चिंधीत बांधलेली एक जुडी काढून आणली. आत बांबूच्या तासलेल्या काड्या होत्या. मी विचारले, हे काय? तेव्हा त्याने सांगितले. पुलावर एकटा असायचा, लिहिता येत नव्हते. पाणी नसेल त्या महिन्यांत दर अवसेला तो शिडी लावून खांबाच्या मागल्या अंगाला चढायचा, शेंदराच्या टिकलीपाशी बांबूची कामटी तड्यात सरकवून बघायचा, आणि तड्यात नेमकी बसेपर्यंत ती तासायचा. ती काडी म्हणजे त्या महिन्याचा तडा. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत सालाच्या आठ. तीन सालांच्या चोवीस. पंचविसावी गाडी अडवली त्या दिवशी वरच्या दगडापाशी घेतलेली. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक काडीला विळ्याने खाचा पाडलेल्या, पहिलीला एक, दुसरीला दोन.

माझ्या पिशवीत पोलादी पट्टी होती. कशासाठी आणली होती कोण जाणे, सवयीने आली होती. मी एकेक काडी मोजली आणि टिपणवहीत लिहिली. इतकी वर्षे दुसऱ्याच्या कामाची मापे ताडून पाहणारा मी, माझ्यापेक्षा नेकीने ठेवलेली ही पहिलीच वही पाहत होतो.

पहिल्या अकरा काड्या दोन सुतांच्या. बारावीपासून वाढ. पंधरा खाचांची काडी हातात घेतली तेव्हा गोमा म्हणाला, “ही तुमी लग्नाला गेलता त्या म्हैन्याची.” ती अडीच सूत भरली.

मी त्याला विचारले की चौकशीच्या दिवशी कमरेला काय चाचपत होता. त्याने जुडीकडे बोट दाखवले.

“काढनारच व्हतो. तुमी आपल्याकडचं मानूस, तुमी इचाराल, मंग एकेक दावायची, आसं मनात धरून आलतो. तर तुमी वाचलं.” त्याने माझ्या हातातली काडी घेऊन जुडीत ठेवली. “लिव्हल्याल्या म्होरं काड्या काय काढायच्या?”

मी म्हणालो, “गोमाबाबा, या काड्या माझ्याकडे द्या. मी साहेबाला दाखवतो.” त्याला ‘बाबा’ म्हणण्याची ती माझी पहिली वेळ.

त्याने जुडी पुन्हा चिंधीत गुंडाळली. “काड्या देत न्हाई, भाऊ. तुमच्या हातात आकडा बदलतो.” आवाज चढवून तो बोलला नाही. नाचणी ओली निघाली असे सांगावे तसे सांगितले. “तुमी एक करा. गोमा प्याला नव्हता, येवढा कागद लिव्हा आन हितं चावडीवर येऊन वाचा. म्हंजी पोराचं तरी हुईल.”

मी लिहितो म्हणालो.

परत येऊन मी कंपनीला अर्ज केला की सदर चौकीदाराच्या चौकशीचा फेरविचार व्हावा. कारण काय ते लिहिले नाही. कारण लिहायचे तर माझे दोन आकडे लिहावे लागत होते. अर्जाला उत्तर आले नाही. चावडीवर वाचायचा कागदही मी अनेकदा लिहायला घेतला. दर वेळी ‘गोमा प्यायला नव्हता’ या ओळीपर्यंत आलो की पुढची ओळ आपोआप सुचायची, मग गाडी का अडवली? आणि तिचे उत्तर माझ्या वहीत होते. धाकट्या दोघांची लग्ने व्हायची होती, पेन्शन व्हायचे होते. मी हे कारण म्हणून सांगत नाही, नोंदीत जमा करतो आहे. अशी आठ वर्षे गेली. गोमाबाबांनी आपल्या मुलाची दुसरी सोयरीक आपली आपण जुळवली, लांबच्या गावी, जिथे गाडीचे कोणी ऐकले नव्हते.

गेल्या साली मी नोकरी सोडली. साहेब विलायतेला गेला. आता खोडायला वही माझ्या हातात नाही, म्हणून तिसऱ्या खांबाची नोंद इथे दुरुस्त करतो.

पहिले साल, वैशाख. मोजले नाही. मोजले असते तर अडीच सूत. ‘दोन’ हा आकडा मागल्या नोंदीवरून उतरवलेला.

दुसरे साल, वैशाख. मोजले, साडेतीन सूत. ‘दोन’ लिहिले. साक्षपट्टी नवी, तिच्यावरची तारीख जुनी. हे पूल-कारकुनाला माहीत होते.

त्याच साली श्रावण. चौकीदाराने चार सुतांची काडी घेतली. ही वरच्या दगडापाशी घेतली असल्याने आधीच्या चोवीस काड्यांशी ताडू नये, तरी गाडी थांबवायला पुरेशी होती. चौकीदार प्यायलेला नव्हता. त्याने गाडी थांबवली ते बरोबर होते. दक्षता त्याची होती.

हे लिहिणार आहे असा निरोप मी घोडेगावच्या त्याच शेठजींबरोबर भाद्रपदात तळेघरला पाठवला. गोमाबाबा आता साठीच्या पुढे गेले आहेत, कानाने कमी ऐकतात, पण आहेत. शेठजींनी उलट निरोप आणला तो जसाच्या तसा देतो: “छापू द्या म्हनावं. पन छापलेलं मला काय कळतंय? सोता येऊन चावडीवर वाचा. तुमी आकडा वाचा, मी काडी काढतो. गावाला बघू द्या, जुळतंय का.”

तुळशीचे लग्न झाले की मी जाणार आहे. हा अंक घेऊन जाईन. पोलादी पट्टी घरी ठेवतो आहे; या खेपेला माप गोमाबाबांच्या काड्यांचे.